ओरछ्याच्या भग्न राजधानीत

टहरौलीहून निघून आम्ही मंडळी बेतवेकाठच्या ओरछ्यास पोहोचलो, तेव्हा उन्हे कलली होती. १५३१ साली बुंदेला राजा रुद्रप्रतापाने पाया घातलेली ही राजधानी. वीरसिंहदेवाचा जहांगीर महाल, उत्तुंग चतुर्भुज मंदिर, नदीकाठच्या छत्र्या : वैभव सरले, डौल मात्र उरला आहे.

याच वीरसिंहदेवाने १६१३ साली झाशीचा किल्ला बांधला. पुढे १७४२ मध्ये पेशव्यांचे सुभेदार नारो शंकर तेथे आले. त्यांनी किल्ला वाढविला आणि ओरछ्याची माणसे नेऊन झाशी वसविली, असे सांगतात. पंचवटीतील नारोशंकराची घंटा आपणां सर्वांच्या परिचयाची. येथील ओस वाडे मात्र अपरिचित. मराठ्यांच्या स्वाऱ्यांनी जेरीस आलेल्या दरबाराने अखेर १७८३ साली राजधानी टिहरीस, म्हणजे आजच्या टीकमगढास, हलविली.

झाशीचे नाव निघताच आमची मान अभिमानाने ताठ होते. पण ती नगरी भरत गेली तेव्हा ही रिती होत गेली, हेही आमच्याच इतिहासाचे पान आहे. परमुलखात बिऱ्हाड मांडलेल्या आपण मराठी माणसांनी तरी, आपले तुळशीवृंदावन कोणाच्या अंगणात उभे आहे, याचा विसर पडू देऊ नये.