शिऊरच्या बहिणाबाई आणि आमच्या वहीतली नावं

नाथांच्या पैठणाहून पंढरीची वाट धरून आमच्या दिंडीला यंदा शंभर वर्षं झाली. या अंकासाठी जुन्या वह्या बाहेर काढल्या. भिशीचा हिशोब, मुक्कामाच्या याद्या, विणेकरी, चोपदार, टाळकरी, सगळे नावानिशी सापडले. बायांच्या ठिकाणी मात्र 'अमक्याची आई', 'तमक्याचं कुटुंब', नाहीतर नुसतं 'तुळसवाली'. आम्हालाच ओशाळल्यासारखं झालं. कारण आपल्याच जिल्ह्यातल्या एका बाईनं तीनशे वर्षांपूर्वी आपली सगळी कहाणी आपल्या नावाची मुद्रिका घालून अभंगांत सांगून ठेवली आहे.

संत बहिणाबाईंचा जन्म 1628 सालचा, वेरूळजवळच्या देवगावचा. आज ते देवगाव रंगारी म्हणून कन्नड तालुक्यात येतं. कुलकर्ण्यांचं घर. पाचव्या वर्षी लग्न झालं, तेव्हा नवरा तीस वर्षांचा, शिऊरचा बिजवर. भाऊबंदकी आणि कर्जापायी मायबाप, जावई, लेक सगळ्यांनी गाव सोडलं. भिक्षा मागत, वाटेत पंढरपूर करून, ते कोल्हापुरात येऊन राहिले.

तिथं जयराम स्वामींचं कीर्तन चाले. बहिणाबाईंच्या मागं त्यांचं लाडकं वासरूही कीर्तनाला जाई. स्वामींनी एकदा वासराच्या आणि या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, गावात चर्चा झाली. वेद म्हणणाऱ्या नवऱ्याला ते सोसलं नाही. त्यानं तिला मारलं, बांधून टाकलं. वय अकरा वर्षं! पुढं स्वप्नात तुकोबांचा उपदेश झाला. ब्राह्मणाच्या बायकोनं, लोक ज्यांना शूद्र म्हणत त्यांना गुरू मानलं, म्हणून नवरा घर सोडून निघाला. तेवढ्यात त्याला ताप भरला. बहिणाबाईंनी सेवा केली. तो उठला तो बदलूनच, आणि सगळे देहूला तुकोबांपाशी गेले. तिथं मंबाजीनं छळलं, तरी त्यांनी गुरू सोडला नाही. पुढं त्या शिऊरला आल्या. वैजापूर तालुक्यातल्या याच गावी 1700 साली त्यांनी देह ठेवला. समाधी तिथंच आहे.

कीर्तनात आपण बहुतेक वेळा निम्म्याच बहिणाबाई सांगतो. नवऱ्याची सेवा करणारी पतिव्रता सांगतो, ते खोटं नाही, तसे अभंग त्यांनी लिहिलेच आहेत. पण बाईचा जन्म परस्वाधीन, वेदाचा अधिकार नाही, मग देव भेटावा कसा, ही तळमळही त्यांनीच लिहिली आहे. पाठीवर पडलेला मारही त्यांनी झाकला नाही. त्यांनी संसार सोडला नाही आणि नामही सोडलं नाही. लोकांना हवी तशी बाई होण्यासाठी आतली ओढ मारून टाकली नाही. या ओढाताणीतच त्यांचं मोठेपण आहे.

नवरा बदलला तो तापातून उठल्यावर. आपल्या घरांनी मात्र तापाची वाट बघू नये. लेकीला पखवाज शिकावा वाटला, सुनेला कीर्तन करावं वाटलं, तर 'बाईच्या जातीला शोभत नाही' हा शब्द आपल्या तोंडी येतो कसा? आपण ज्ञानोबारायांना माउली म्हणतो. विठोबा आपली विठाई. वाळवंटात मिशीवाले पुरुष पदर नसताना फुगडी घालतात, कुणी हसत नाही. पुरुषानं आई व्हावं हे ज्या पंथाला गोड वाटतं, त्या पंथात बाईनं वीणा घेतली तर जड का वाटावं?

आम्ही आमच्यापासून सुरुवात केली आहे. या अंकाच्या शेवटी शंभर वर्षांतल्या वारकरी बायांची यादी दिली आहे, ज्याच्या त्याच्या स्वतःच्या नावानं. त्यासाठी घरोघर जाऊन नातवंडांना विचारलं. काहींची नावं घरच्यांनाही आठवेनात. त्यांच्यापुढं जागा मोकळी ठेवली आहे. वाचून कुणाला आपल्या आजीचं, पणजीचं नाव आठवलं, तर पुढच्या मुक्कामी आम्हाला सांगा. वहीत लिहून घेऊ.

राम कृष्ण हरी.