रोकडियांची वाट

नववीच्या सहलीत आपली एसटी धुळ्याहून निघाली, सोनगीर, शिरपूर, पळासनेर मागे टाकून बिजासनी घाटाला लागली, तेव्हा इतिहासाच्या सरांनी ती थांबवायला लावली होती. आठवतं ना? सगळे भज्यांच्या गाडीकडे पळाले. सर मात्र दरीकडे बघत म्हणाले, "या रस्त्याने निघालेली सगळीच माणसं घरी पोचली नाहीत रे." पुढे काही सांगणार, तोच ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. सरांचं अर्धं राहिलेलं वाक्य निवृत्तीनंतर वाचनाला वेळ मिळाला तेव्हा पुन्हा आठवलं. स्मरणिकेच्या निमित्ताने ते जमेल तसं पुरं करतो.

१८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला, तेव्हा होळकरी धामधूम, १८०४चा दुष्काळ आणि पेंढारी यांनी मुलूख पार उजाड झाला होता. कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला ठाणं केलं, १८२५ साली औट्रमने धरणगावात भिल्ल पलटण उभी केली, आणि रस्ते हळूहळू वाहते झाले. माळव्याची अफू मुंबईला जायची, तिथून जहाजाने चीनला. तिचा पैसा उलट्या वाटेने इंदूरला यायचा. पुष्कळसा व्यवहार हुंडीवर भागे. पण हुंड्यांची वजाबाकी होऊन जी बाकी उरे, ती शेवटी सोन्याचांदीतच पोचवावी लागे. ती नेणारे ते रोकडिये. सोनं अंगरख्यात शिवायचं, वर मळकी घोंगडी घ्यायची आणि गरीब वाटसरूसारखं पायी चालायचं. सावकाराचे हजारो रुपये अंगावर, आणि स्वतःची मजुरी थोडकी. अजब विश्वासाचा धंदा होता!

ठगांना नेमकी हीच माणसं ओळखता येत. बुंदेलखंडाकडून टोळ्या दक्षिणेत उतरत, वाटेत गोड बोलून सोबत करत, 'एकट्याने जाऊ नका, दिवस वाईट आहेत' असंही वर सांगत. चार दिवस एकत्र चालायचं, मग एका मुक्कामी ठरलेली खूण होई आणि रुमाल गळ्यात पडे. जागा आधीच हेरलेली, कधीकधी खड्डाही आधीच खणलेला. १८२०च्या दशकाच्या अखेरीस खानदेशात आणि नर्मदेकडच्या वाटांवर रोकडियांच्या मोठ्या लुटी झाल्या. त्यांत धुळे-मालेगाव रस्त्यावरच्या लुटीचंही नाव येतं. हे आपल्याला कळतं ते मुख्यतः कॅप्टन स्लीमनने नोंदवलेल्या जबान्यांतून. १८३०च्या अखेरीस फिरंगिया नावाचा म्होरक्या त्याच्या हाती आला आणि माफीचा साक्षीदार झाला. स्वतःची मान वाचवायला बोलणाऱ्यांचं सगळंच खरं धरू नये, असं आजचे अभ्यासक बजावतात, आणि ते योग्यच आहे. पण त्यांनी दाखवलेल्या जागी खणल्यावर माणसांची हाडं निघाली, हेही खरं.

मला कुतूहल होतं ते लुटीच्या मालाचं. तो जायचा कुठे? वाटण्या ठरलेल्या असत. म्होरक्याला जास्त, फास टाकणाऱ्याला वेगळं, आणि गावी गेल्यावर आसरा देणाऱ्या जमीनदारालाही हिस्सा. अमरावतीचे सावकार धनराज शेठ यांचं सोनं असंच गेलं, तेव्हा त्यांनी सरकारवर भिस्त न ठेवता बिहारीलाल नावाचा गुमास्ता ठगांच्या मागे लावला. त्याने ठग धरले, वसुली केली. पुढे तर त्यांची कैदेतून सुटका करवण्यापर्यंत त्याची मजल गेली, म्हणजे पुढच्या मोहिमेच्या कमाईतून देणं फिटावं! एकाचं सोनं परत यायचं, तर दुसऱ्या कुणाचा तरी गळा आवळला जायचा. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

शेठचं सोनं शोधायला गुमास्ता तरी होता. रोकडियाला कोण शोधणार? सोन्यासकट बेपत्ता झालेल्या माणसावर पहिला संशय साहजिकच पळून गेल्याचा येणार. रजेवर घरी निघालेल्या शिपायांचंही तेच. १८१० साली जनरल सेंट लेजरने शिपायांना हुकूम काढून सावध केलं होतं, की रोकड अंगावर बाळगू नका, हुंडी करून पाठवा.

पुढे १८५७च्या नोव्हेंबरात खाज्या नाईकाने सेंधवा घाटात सरकारी खजिना लुटला, त्याचा आकडा मात्र कागदावर आहे: सात लाख रुपये. त्याच वर्षी ११ सप्टेंबरला, पार अमेरिकेतल्या युटा प्रांतात, आर्कान्सासहून कॅलिफोर्नियाला बिऱ्हाड घेऊन निघालेल्या सुमारे १२० माणसांना माउंटन मेडोज इथे स्थानिक नागरी फौजेच्या लोकांनी, सोबतीचं आश्वासन देऊन बाहेर काढून, मारलं. गुरं, गाड्या, अंगावरचे कपडेसुद्धा वाटले गेले. अगदी लहान अशी १७ मुलं तेवढी जिवंत ठेवली. ती १८५९ साली नातेवाइकांकडे परत गेली. शिक्षा झाली ती फक्त एकाला, वीस वर्षांनी. सोबतीच्या नावाखाली केलेला घात इथूनतिथून सारखाच. पण त्या मुलांच्या तोंडून निदान काही नावं तरी घरी पोचली.

आमच्या घराण्याच्या वंशावळीत एका नावाखाली रेघ पुढे गेलेली नाही. लहानपणी आजीला विचारलं तर ती म्हणायची, "इंदूरले गया, परत उनाच नही." तो का गेला, कुणाबरोबर गेला, हे तिलाही ठाऊक नव्हतं. ठगांनीच मारला असं मी म्हणत नाही. ताप आला असेल, नदीला पूर असेल, कदाचित तिकडे सुखाने दुसरा संसारही थाटला असेल. पण तो मेला असं कुणी म्हणेना, म्हणून त्याच्या वाट्याच्या शेताची वाटणी दोन पिढ्या अडून राहिली. भाऊबंद भांडले, बोलणं बंद झालं. त्याची बायको शेवटपर्यंत कुंकू लावत होती, आणि घरात त्याचा पितळी तांब्या तिने कुणाला वापरू दिला नाही.

तो तांब्या आता माझ्याकडे आहे. मेळाव्याला येताना घेऊन येईन.