नकाशा बाहेर, प्रश्न आत

आजच्या धाग्यात किल्ला नाही, लढाईही नाही. विषय आहे डेटाबेसचा, आणि त्याच्या उंबरठ्याबाहेर राहिलेल्या नकाशांचा.

१९७० साली आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील एडगर कॉड यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती तक्त्यांत मांडावी. यंत्रात ती कुठे व कशी साठवली आहे, याची काळजी प्रश्न विचारणाऱ्याला नसावी, हे त्याचे सार. रिलेशनल डेटाबेसचा उगम तो. पण व्यवहारात एक अट राहिलीच: माहिती आधी आत आणावी लागे.

नकाशे मात्र बाहेरच वाढले. नव्वदच्या दशकात एस्री या अमेरिकी कंपनीची शेपफाईल सर्वत्र पसरली. म्हणायला एक फाईल, पण असतात किमान तीन: एकीत आकृत्या, दुसरीत त्यांची अनुक्रमणी, तिसरीत माहितीचा तक्ता. तिसरी जुन्या डीबेसच्या वळणाची, म्हणून स्तंभाच्या नावाला दहाच बाइट. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट घेते, तेव्हा 'तालुका' लिहावे तर उरतो 'ताल'!

२००१ मध्ये दोन गोष्टी घडल्या. कॅनडातील रिफ्रॅक्शन्स रिसर्चने पोस्टजीआयएस आणले आणि पोस्टग्रेसक्यूएलला बिंदू, रेषा, क्षेत्र यांची भाषा दिली. त्याच वर्षी एसक्यूएलच्या आंतरराष्ट्रीय मानकात नववा भाग आला: बाहेरची माहिती बाहेरच ठेवून तिला तक्त्यासारखे वागवण्याचे नियम. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये असे 'फॉरेन टेबल' प्रत्यक्ष वाचता येण्यास २०११ उजाडले. पुढे पोस्टजीआयएसच्या जनकांपैकी पॉल रॅम्सी यांनी ओजीआर-एफडीडब्ल्यू लिहून दोन्ही प्रवाह जोडले. ओजीआर हे फ्रँक वॉर्मरडॅम यांनी घडवलेले, नकाशांचे अनेक फाईल-प्रकार वाचणारे ग्रंथालय. रॅम्सींनी ते डेटाबेसच्या दाराशी दुभाषा म्हणून बसवले. सर्व्हरवरील फाईलचा पत्ता सांगायचा, फॉरेन टेबल जाहीर करायचे, की नेहमीच्या तक्त्यासारखी विचारणा करता येते. प्रत्येक वेळी मूळ फाईल उघडली जाते. त्यामुळे वेग कमी, आणि फाईल हलवली की हाती केवळ त्रुटीचा संदेश.

याचे महत्त्व मला उशिरा कळले. प्रबंधासाठी जिल्ह्यांच्या सीमांची एक फाईल मी डेटाबेसमध्ये उतरवून घेतली होती. मूळ फाईल पुढे सुधारली गेली. माझी नक्कल तशीच राहिली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला पालघर माझ्या नकाशात ठाण्यातच होता, आणि २०११च्या जनगणनेशी आकडे छान जुळत असल्याने मला शंकाही आली नाही. चूक मार्गदर्शकांनी दाखवली.

मग फॉरेन टेबल जोडले. पालघर आला, पण जनगणनेचे आकडे बिघडले: त्या वर्षी तो जिल्हाच नव्हता. थेट जोडणी फाईलची आजची अवस्था दाखवते. काल तिथे काय होते, हे तिला ठाऊक नसते. ज्या नकलेला मी शिळी म्हणून पुसायला निघाले होते, ती २०११चा पुरावा होती.

आता दोन्ही ठेवले आहेत. नकलेच्या नावापुढे तारीख लिहिली आहे.