परवान्यात न बसलेला तीरकामठा: शिकारीच्या सहलीतून इतिहास कसा वाचायचा?

‘पर्यावरणाच्या इतिहासावर काम करायचंय, पण विषय कसा पकडू?’ हा प्रश्न पेटची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींकडून वारंवार येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: मोठा विषय पकडू नका, एक छोटी कृती पकडा. आज नमुना म्हणून अशीच एक कृती घेऊया. शिकारीची सहल. म्हणजे आपल्या मुलखातून उठायचं, दुसऱ्याच्या हद्दीतल्या जंगलात जायचं, हरीण किंवा वाघ मारायचा आणि परत यायचं. आज महाराष्ट्रात हा गुन्हा आहे. पण दीडशे वर्षांपूर्वी आपल्या छावणीतल्या साहेबाच्या रजेतला हा नेहमीचा बेत होता.

कोणत्याही सहलीचं नियोजन करताना पाच गोष्टी ठरवाव्या लागतात: कुठे, कधी, कोणाच्या परवानगीनं, कोणाबरोबर आणि काय घेऊन. हेच पाच प्रश्न जुन्या कागदांना विचारायचे. उत्तरं येतात ती फक्त शिकारीबद्दल नसतात, जंगल कोणाचं मानलं गेलं याबद्दल असतात.

कुठे?

आपल्या जिल्ह्यातलंच ठिकाण घेऊ. कन्नडहून चाळीसगावला उतरणारा घाट म्हणजे औट्रम घाट. गौताळा-औट्रमघाट अभयारण्य 1986 मध्ये जाहीर झालं, क्षेत्र सुमारे 260 चौरस किलोमीटर. हे नाव जेम्स औट्रम या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याचं. 1825 मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभी करण्याचं काम त्याच्याकडे आलं. पलटणीचं ठाणं धरणगावला होतं. त्याच सुमारास भिल्लांसाठी तीन एजन्सी नेमल्या गेल्या, त्यातली एक कन्नडला होती.

इथे नकाशा नीट बघा. घाटाखालचं चाळीसगाव 1818 नंतर इंग्रजांच्या खानदेशात, घाटावरचं कन्नड निजामाच्या राज्यात. म्हणजे ‘परराज्य’ एक घाट चढण्याइतकं जवळ होतं. सातमाळ्याच्या रांगेत पिढ्यान्‌पिढ्या फिरणाऱ्या भिल्लाच्या पायाखाली डोंगर एकच होता. सरकारी कागदावर मात्र तो एका राज्यातून दुसऱ्यात जात होता. 1948 पर्यंतचा मराठवाडा अभ्यासताना हे विसरून चालत नाही. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा इथे आपोआप लागू होत नव्हता, म्हणून घाटाखालचा कायदा वाचून घाटावरचा निष्कर्ष काढता येत नाही.

कधी?

अजिंठ्याच्या 10 क्रमांकाच्या लेण्यात जॉन स्मिथ या मद्रासच्या घोडदळातल्या अधिकाऱ्यानं आपलं नाव कोरलं, तारीख 28 एप्रिल 1819. वाघाच्या शिकारीला निघालेल्या स्मिथला लेणी ‘सापडली’ ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. लेणी आसपासच्या लोकांना आधीपासून माहीत होती, हे आता वेगळं सांगायला नको. मला त्यातला दुसराच तपशील महत्त्वाचा वाटतो: महिना.

एप्रिलच का? आपल्याकडचं जंगल पानझडीचं. उन्हाळ्यात पानं गळतात, गवत वाळतं, लांबवरचं दिसायला लागतं. ओढे आटतात आणि जनावरं उरलेल्या मोजक्या पाणवठ्यांजवळ गोळा होतात. वाघोरा नदीची ती अरुंद दरी अशा दिवसांत शिकाऱ्याला न बोलावती तरच नवल. म्हणून शिकारीच्या पुस्तकांमध्ये मार्च ते जूनच्या नोंदी भरपूर आणि पावसाळ्याच्या फार थोड्या दिसतात.

माझी पदव्युत्तर पदवी विज्ञानातली, त्यामुळे इथे लगेच घंटा वाजते. याला आम्ही नमुन्यातला कल म्हणतो. एखाद्या पुस्तकात ‘या नाल्यात प्राणी विपुल’ असं लिहिलं असेल, तर ते उन्हाळ्यात पाण्याजवळ बसून लिहिलेलं असण्याची शक्यता मोठी. त्यावरून वर्षभराची घनता काढली तर आकडा फुगणारच.

कोणाच्या परवानगीनं?

स्मिथच्या काळात लष्करी अधिकारी बंदूक घेऊन निघाला, तर त्याला अडवणारं फारसं कोणी नसे. पुढे चित्र बदललं. 1878 च्या वन कायद्यानं ब्रिटिश मुलखात राखीव जंगलं आखली गेली आणि त्यांत नियम मोडून शिकार करणं, फास किंवा सापळा लावणं, मासेमारीसाठी पाण्यात विष टाकणं हे गुन्हे ठरले. मग साहेबालाही परवाना काढावा लागू लागला: अमुक जंगलाचा अमुक गट, अमुक दिवस, अमुक इतकी जनावरं. संस्थानांत दरबाराची मर्जी लागे.

आता 1878 हे साल लक्षात ठेवा, कारण त्याच वर्षी शस्त्र कायदाही आला. त्यातली ‘शस्त्र’ या शब्दाची व्याख्या वाचण्यासारखी आहे. बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले आणि त्याच ओळीत धनुष्यबाण. म्हणजे एकाच वर्षी एका कायद्यानं जंगल राखीव केलं आणि दुसऱ्यानं तीरकामठ्याला शस्त्रांच्या यादीत बसवलं.

इथे घाई करू नका. ‘1878 मध्ये भिल्लांचे तीरकामठे काढून घेतले’ असं वाक्य या दोन कायद्यांवरून लिहिता येत नाही. सूट देण्याचा अधिकार सरकारनं स्वतःकडे ठेवला होता, आणि व्याख्या म्हणजे अंमलबजावणी नव्हे. व्याख्येवरून एवढंच कळतं की शिकारीचं आणि राखणीचं रोजचं साधन सरकारच्या नजरेत आता शस्त्रही होतं. प्रत्यक्षात काय झालं हे शोधायला जिल्ह्याच्या पातळीवरचा पत्रव्यवहार लागतो. प्रबंध तिथे सुरू होतो.

कोणाबरोबर?

शिकारीच्या पुस्तकांत सगळ्यात जास्त काम करणारी आणि सगळ्यात कमी नावानिशी येणारी माणसं म्हणजे माग काढणारे आणि हाकारे. औरंगाबाद, जालना, हिंगोली, अंबाजोगाई इथे हैदराबाद कंटिंजंटच्या छावण्या होत्या. या फौजेत राहिलेल्या आर. जी. बर्टन यांचं दख्खनमधल्या शिकारीवरचं पुस्तक 1928 मध्ये आलं. अशी पुस्तकं वाचताना मी एक साधी गोष्ट करते. एका वहीत दोन रकाने पाडते: साहेबानं काय केलं आणि दुसऱ्यानं काय केलं. ठसा कोणी ओळखला, वारा कुठून आहे ते कोणी सांगितलं, मचाण कोणी बांधलं, हाका कोणी घातला, जखमी जनावरामागे झुडपात आधी कोण शिरलं. दुसरा रकाना भराभर भरतो. त्यात नावं मात्र क्वचित सापडतात. ‘शिकारी’, ‘भिल्ल’, ‘म्हातारा’ एवढंच.

औट्रमनं भिल्लांचा विश्वास मिळवला तोच मुळी त्यांच्याबरोबर शिकार करून. 1825 ते 1834 या काळात तो 191 वाघांच्या शिकारीत हजर होता, असा हिशोब त्याच्या चरित्रात येतो. हा आकडा वाघांची गणना म्हणून वापरता येणार नाही, कारण किती दिवस, किती माणसं, किती हाके याची जोड त्याला नाही. पण एक गोष्ट तो निश्चित सांगतो: इतक्या शिकारी भिल्लांच्या ज्ञानाशिवाय झाल्या नसत्या. राज्य उभं राहिलं त्यात त्या ज्ञानाचा वाटा होता आणि पुढे त्याच राज्यानं त्या ज्ञानाला गुन्ह्याच्या रकान्यात टाकलं.

फासेपारध्यांचं असंच झालं. नावातच फास आहे. शिकवलेल्या गाईच्या आडून हळूहळू पुढे सरकायचं आणि काळविटांच्या वाटेवर फास मांडायचे, ही त्यांची पद्धत. ती वापरायला कळपाची चाल, वाऱ्याची दिशा, चरण्याच्या वेळा तोंडपाठ असाव्या लागतात. आजच्या भाषेत याला प्राणिवर्तनाचा अभ्यास म्हणतात. 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी मात्र अशा समाजांची ओळखच संशयित म्हणून करून टाकली.

काय घेऊन?

आता शेवटचा प्रश्न, ज्याच्यासाठी हा सगळा घाट घातला. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आपण ‘शिकारबंदीचा कायदा’ म्हणून ओळखतो. मूळ कायद्यात मात्र शिकारीच्या परवान्यांची व्यवस्था होती. चितळ आणि सांबर ‘मोठी शिकार’ या वर्गात होते. 17 व्या कलमात शिकार कशी करू नये याची यादी होती: वाहनातून नको, रात्री नको, पाणवठ्यावर नको, जाळी, खड्डे, विष, विषारी हत्यारं नकोत. आणि मोठ्या जनावरांसाठी हत्यार रायफलच. परवान्यात खास मुभा असेल तर एकगोळीची बंदूक.

म्हणजे परवाना काढूनही तीरकामठ्यानं सांबर मारणं कायद्यात बसत नव्हतं. फासानंही नाही. रायफल घ्यायची तर आधी तिचा वेगळा परवाना, वर पैसा. ज्याच्याकडे हे सगळं होतं त्याच्यासाठी दार किलकिलं होतं, ज्याच्याकडे तीरकामठा होता त्याच्यासाठी ते बंद होतं.

या नियमामागचं कारणही प्रामाणिकपणे लिहायला हवं. बाण जवळून मारावा लागतो, नेम चुकला तर जखमी जनावर पळून जातं आणि कुठेतरी तडफडून मरतं. फास नर-मादी, पिल्लू बघत नाही. रायफलचा हिशोब ठेवणं सोपं. नियम निव्वळ खोडसाळपणातून आलेला नव्हता. पण नियमाचा हेतू आणि नियमाचा परिणाम हे दोन वेगळे प्रश्न आहेत, त्यांची उत्तरंही वेगवेगळ्या कागदांत सापडतात.

1991 च्या दुरुस्तीनं परवान्यांची ही सगळी कलमं गेली आणि शिकार सगळ्यांनाच बंद झाली. माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकाला धोका असेल तर 11 व्या कलमाखाली मिळणारी परवानगी हा अपवाद उरला.

तिकडे काय झालं?

तुलना केली की आपला प्रश्न धारदार होतो. अमेरिकेत आज एखादा माणूस दुसऱ्या राज्यात जाऊन, सरकारी जमिनीवर, बाहेरच्यांसाठीचा परवाना काढून, स्वतःच नकाशा अभ्यासून धनुष्यानं हरणाची शिकार करू शकतो. विस्कॉन्सिन राज्यानं 1934 मध्ये हरणांसाठी खास धनुष्याचा हंगाम ठेवला. बाण लांब पोचत नाही, हीच गोष्ट तिथे फायद्याची ठरली: शिकारी जास्त, मरणारी जनावरं कमी. आपल्याकडे जी मर्यादा धनुष्याविरुद्ध गेली, तीच तिकडे त्याच्या बाजूनं गेली.

पण तिकडची गोष्टही निष्पाप नाही. तिथे धनुष्याच्या शिकारीला नवी लोकप्रियता मिळाली त्यात सॅक्स्टन पोप या डॉक्टरच्या 1923 च्या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. पोप हे शिकला इशीकडून. याही लोकांमधला हा शेवटचा माणूस 1911 मध्ये कॅलिफोर्नियात एकटाच बाहेर आला आणि 1916 मध्ये वारला. त्याचे लोक गोऱ्या वसाहतवाल्यांनी संपवले होते. धनुष्य कायद्यात परत आलं, धनुष्यवाले आले नाहीत.

तुमच्या कामासाठी तीन सूचना

एक, प्राण्यांची नावं तपासा. जुन्या इंग्रजी पुस्तकांतलं ‘रॅव्हिन डिअर’ म्हणजे चिंकारा, जो डिअर नाहीच. ‘बायसन’ म्हणजे गवा. मराठीत आपण चितळालाही हरीण म्हणतो आणि काळविटालाही. पण चितळाची शिंगं दरवर्षी गळतात, काळवीट हा कुरंग आहे, त्याची शिंगं कायमची. हे न पाहता केलेली प्राण्यांची यादी मार्गदर्शक पहिल्याच बैठकीत परत करतील.

दोन, कशाची नोंद होत नव्हती ते विचारा. रोलँड वॉर्ड कंपनीनं 1892 पासून शिंगांच्या मापांच्या विक्रमांची पुस्तकं काढली. मान मोठ्या शिंगांना, म्हणून मोठे नर कागदावर आले. चितळ-सांबराच्या माद्यांना शिंगंच नसतात, त्यामुळे त्या कागदावरून गायब.

तीन, एकाच सातमाळ्यासाठी दोन्ही बाजूंचे कागद उघडा. 1880 चं खानदेश गॅझेटियर घाटाखालचं, 1884 चं औरंगाबाद गॅझेटियर घाटावरचं. त्यांना जोडून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या सस्तन प्राणी सर्वेक्षणातलं 1911 चं खानदेशातलं काम वाचा. तिथे नमुने गोळा करणारा माणूस शिंगांच्या मागे नव्हता, उंदीर आणि वटवाघळंही टिपत होता.

या सगळ्यातून मी काढलेला धागा एवढाच: कायद्यानं प्राणी वाचवताना कोणतं हत्यार ‘सभ्य’ ठरवलं, त्यावरून जंगल कोणासाठी राखलं जात होतं ते कळतं. तुमचा विषय शिकार नसेल. विहीर असेल, गायरान असेल, मासेमारी असेल. तेच पाच प्रश्न लावा, आणि शेवटच्या प्रश्नापाशी जरा जास्त वेळ थांबा. परवानगी कोणाला मिळाली हे बहुतेक वेळा नियमात स्पष्ट लिहिलेलं असतं. कोणाला मिळूच शकत नव्हती, ते साधनांच्या यादीत शोधावं लागतं.