इंग्रजीच्या तासाला घरचे वाङ्मय

ऑक्सफर्ड विद्यापीठात इंग्रजी साहित्याच्या अध्ययनाची स्वतंत्र शाखा १८९४ साली सुरू झाली. त्यापूर्वी निदान अर्धे शतक कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजातील विद्यार्थी शेक्सपिअर व मिल्टन यांचा कसून अभ्यास करीत होते. ही गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते; पण तिचे कारण उघड आहे. इंग्लंडात ते घरचे वाङ्मय होते, ते मुद्दाम शिकवावयाचे कशाला, अशी तेथील विद्वानांची समजूत होती. हिंदुस्थानात मात्र ते राज्यकर्त्यांच्या संस्कृतीचे प्रमाण म्हणून वर्गात आले. मेकॉलेने आपले प्रसिद्ध टिपण लिहिले ते १८३५ साली. संस्कृत किंवा अरबी आपणास येत नाही हे त्यात मान्य करूनही, पौर्वात्य ग्रंथांची किंमत ठरविण्यास तो कचरला नाही. पुढे मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांत मराठीला जागा मिळावी म्हणून न्यायमूर्ती रानडे यांना आयुष्याच्या अखेरपर्यंत झगडावे लागले, हा इतिहास वाचकांस ठाऊकच आहे.

परंतु ज्या इंग्रजीच्या वर्गात ही प्रतवारी मुरली, त्या वर्गाचीच मांडणी बदला, असे स्पष्ट शब्दांत सांगितले गेले ते पूर्व आफ्रिकेत. तो प्रसंग आम्हांस मननीय वाटतो.

केनियात ऑक्टोबर १९५२ मध्ये आणीबाणी पुकारली गेली, तेव्हा न्गुगी वा थिओंगो हा शाळकरी मुलगा होता. शाळेच्या आवारात गिकुयू ही मातृभाषा बोलताना सापडलेल्या मुलास छड्या मिळत, किंवा ‘मी मूर्ख आहे’ अशा अर्थाची पाटी गळ्यात अडकविली जाई, असे त्याने पुढे लिहून ठेवले आहे. याच सुमारास पश्चिमेकडे नायजेरियात, इबादानच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात, चिनुआ अचेबे शिकत होता. तेथील वर्गात जॉइस केरी या लेखकाची ‘मिस्टर जॉन्सन’ ही १९३९ सालची कादंबरी वाचावयास दिली गेली. तिचा नायक एक नायजेरियन कारकून. इंग्रज समीक्षकांनी तिची वाखाणणी केली होती. पण त्या कारकुनाच्या अंगविक्षेपांत आणि बालिश आनंदात नायजेरियन विद्यार्थ्यांना ओळखीचे असे कोणी दिसेना, आणि वर्ग बिथरला. आपली कथा आपणच सांगितली पाहिजे, या अचेबेच्या निश्चयामागे हा अनुभवही होता. १९५८ साली ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ प्रसिद्ध झाली.

केनिया १९६३ साली स्वतंत्र झाला, तरी नैरोबीच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील इंग्रजी विभागाचा अभ्यासक्रम मुख्यतः इंग्लंडच्या वाङ्मयेतिहासाभोवतीच फिरत राहिला. त्या विभागाच्या वाढीची योजना पुढे आली, तेव्हा तेथेच शिकविणारा न्गुगी, हेन्री ओवुओर-अन्युम्बा आणि ताबान लो लियोंग या तिघांनी २४ ऑक्टोबर १९६८ रोजी एक टिपण सादर केले. इंग्रजी विभाग बरखास्त करावा, ही त्यांची मागणी. एखाद्या संस्कृतीचे अखंड अध्ययन हवेच असेल, तर ती संस्कृती आफ्रिकेची का नसावी, असा त्यांचा सवाल होता.

या मागणीचा अर्थ शेक्सपिअरला हद्दपार करणे असा लावणारे तेव्हाही होते आणि आजही आढळतात. टिपणाचा आशय तसा नव्हता. आजीच्या तोंडच्या कथा, गाणी, म्हणी हे मौखिक वाङ्मय आणि स्वाहिली साहित्य यांपासून आरंभ करावा. मग आफ्रिकेचे आधुनिक लेखन, कॅरिबियन बेटांतील आप्तांचे लेखन, आणि निवडक युरोपीय साहित्य, अशी त्यांची मांडणी होती. वाद ग्रंथ गाळण्याचा नसून कोठे उभे राहून जगाकडे पाहावयाचे याचा होता. पुष्कळ वादंगानंतर नैरोबीत इंग्रजी विभागाच्या जागी साहित्य विभाग आला, आणि लोककथा पदवीच्या अभ्यासाचा विषय झाली.

शेजारच्या टांझानियाचे उदाहरण याला पूरकच आहे. राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी राज्यकारभार सांभाळून शेक्सपिअरचे ‘ज्युलियस सीझर’ १९६३ साली आणि ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ १९६९ साली स्वाहिलीत आणले. १८८३ साली ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ करणाऱ्या आगरकरांची येथे आठवण व्हावी. ज्याला आपल्या भाषेचा भरवसा असतो, तो परक्या ग्रंथाला पाहुणा म्हणून घरात घेतो. त्याच्या दारात उमेदवारी करीत उभा राहत नाही.

न्गुगी पुढे याहूनही दूर गेला. १९७७ साली त्याच्या गिकुयू नाटकाचा प्रयोग गावकऱ्यांनी केला, आणि वर्षअखेरीस सरकारने त्याला स्थानबद्ध केले. त्यानंतर त्याने कादंबरीसाठी गिकुयू पत्करली. अचेबेने मात्र इंग्रजीलाच आपल्या मातीचे वळण दिले. न्गुगीचे २०२५ साली निधन झाले, तरी दोघांतला तो वाद मिटलेला नाही. आमच्या मते तो मिटण्याची वाट न पाहताही शिक्षकाला पुढे जाता येईल. कारण घरचे वाङ्मय वर्गात असावे, याविषयी दोघांचे दुमत नव्हते.

आपल्याकडेही वारे पालटले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने दहावीसाठी काढलेल्या ‘फर्स्ट फ्लाइट’ या इंग्रजी पाठ्यपुस्तकात, २००७ च्या सुमारास, नेल्सन मंडेलांच्या आत्मचरित्रातील उतारा आला आणि त्याच पुस्तकात लुसिओ रॉड्रिग्ज यांचा गोव्याच्या पाववाल्यावरील पाठही आला. बांबूची काठी वाजवीत पहाटे दारी येणारा तो पाववाला चंदीगडच्या मुलाला परका, तर म्हापशाच्या मुलाला घरचा. एकाच बाकावरील दोघांपैकी एकाने दुसऱ्याला समजावून सांगावे, अशी ही योजना आहे. संस्कृतींची ओळख म्हणतात ती अशीच होते.

येथे आम्हां बदलीवरच्या मराठी कुटुंबांचा प्रश्न येतो. आमच्या मुलांच्या वर्गात बंगाली, तमिळ, पंजाबी मुले असतात. इंग्रजीचे पुस्तक त्यांना एकत्र बसवील. पण उद्या बंगाली मुलाने रवींद्रनाथांची गोष्ट सांगून ‘तुमच्याकडे काय वाचतात?’ असे विचारले, तर उत्तर पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. ते सरकारी निवासस्थानाच्या दोन खोल्यांत, फळीवर ठेवलेल्या मराठी पुस्तकांत आणि आजीच्या गोष्टींत असले पाहिजे. दर बदलीच्या वेळी सामान हलके करताना सर्वांत आधी कोणती पेटी मागे राहते, ते प्रत्येकाने आठवून पाहावे.