आकृतीतली रेघ आणि तांब्यातली वाट

रेडिओच्या परिपथाची आकृती आपण फळ्यावर काढतो, ती एक प्रकारची वंशावळच असते. वंशावळीवरून कोण कोणाचा चुलता हे कळते. कोण कोणत्या गावी राहतो हे कळत नाही. तसेच आकृतीवरून कोणता घटक कोणाला जोडला आहे एवढेच समजते. तो कुठे बसवायचा आणि जोडणी कोणत्या वाटेने न्यायची, हे आकृती सांगत नाही.

तारा होत्या तोवर याचे फारसे अडत नसे. तारेवर आवरण असते, त्यामुळे एक तार दुसरीवरून खुशाल नेता येते. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओच्या पोटात ज्यांनी डोकावले असेल, त्यांना ते जंजाळ आठवेल. व्हिएन्नात १९०७ साली जन्मलेला पॉल आयस्लर हा ज्यू अभियंता १९३६ साली इंग्लंडला आला. त्याने या जंजाळावर छापखान्यातला उपाय शोधला. विद्युतरोधक पाटीवर तांब्याचा पातळ पत्रा चिकटवायचा, हव्या त्या वाटा रोधक शाईने छापायच्या आणि उरलेले तांबे रसायनाने खाऊन टाकू द्यायचे. एका ब्रिटिश कंपनीने त्याला परत पाठवले. तारा जोडणाऱ्या मुली स्वस्त पडतात, असे तिचे म्हणणे! १९४३ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला. पद्धत जगभर पसरली ती महायुद्धानंतर.

पण आता वाटा एकाच सपाट पृष्ठभागावर आल्या आणि एकमेकींना ओलांडता येईनात. तीन घरे, तीन विहिरी, प्रत्येक घरातून प्रत्येक विहिरीला स्वतंत्र वाट, कोणतीही वाट दुसरीला छेदायची नाही, हे कोडे मुलांना घालून पाहा. कितीही कागद संपवले तरी ते सुटत नाही, कारण ते सुटणारेच नाही. कुरातोव्स्की या पोलिश गणितज्ञाने १९३० साली दाखवून दिले की, सपाट कागदावर न मांडता येणाऱ्या प्रत्येक जाळ्यात हे कोडे किंवा पाचही बिंदू परस्परांना जोडण्याचे कोडे दडलेले असते. अशा वेळी वरून तारेचा एखादा तुकडा टाकायचा, किंवा पाटीच्या दुसऱ्या बाजूलाही तांबे घ्यायचे.

संगणक येण्यापूर्वी हे काम ड्राफ्ट्समन करीत. पारदर्शक फिल्मवर दुप्पट किंवा चौपट आकारात काळ्या चिकटपट्टीने वाटा चिकटवायच्या, मग छायाचित्राने आकार कमी करायचा. आकृतीतली जी रेघ चिकटवून झाली तिच्यावर रंगीत पेन्सिल फिरवायची. शेवटी बिनरंगी रेघ उरली तर जोडणी राहिली! दोन बाजूंसाठी लाल आणि निळी पट्टी एकाच फिल्मवर लावीत आणि कॅमेऱ्यापुढे रंगीत फिल्टर धरून त्या वेगळ्या करीत.

विद्यार्थी असताना आम्ही ५५५ या आठ पायांच्या आयसीची पाटी केली होती. फेरिक क्लोराइडमधून ती सुरेख निघाली, पण आयसी बसेना. घटक वरून पाहून आम्ही वाटा काढल्या होत्या आणि तांबे तर खालच्या बाजूला! सगळे आरशातल्यासारखे उलटे झाले होते. शेवटी आयसी तांब्याच्या बाजूनेच झाळून वेळ निभावली.

वाट शोधण्याचे काम यंत्राकडे देण्याची रीत बेल लॅबोरेटरीजच्या सी. वाय. ली यांनी १९६१ साली प्रसिद्ध केली. ती वर्गातही करता येते. चौकटीच्या वहीत एक चौकट आरंभ, एक शेवट धरा आणि अडथळ्याच्या चौकटी काळ्या करा. आरंभाला लागून असलेल्या मोकळ्या चौकटींत १ लिहा, त्यांच्या शेजारी २, मग ३. पाण्यात दगड टाकल्यावर तरंग पसरावा तसे हे आकडे पसरतात. शेवटची चौकट गाठली की उतरत्या आकड्यांनी मागे यायचे. वाट असेल तर ती सापडतेच, आणि तिच्याहून आखूड दुसरी नसते. गोम इतकीच की पहिल्या जोडीची आखूड वाट दुसऱ्या जोडीचा रस्ता अडवून बसते. तेव्हा क्रम बदलायचा किंवा घातलेली वाट उखडायची. आजची सॉफ्टवेअरही हे करतात.

तरीही घटक कुठे बसवायचे हे बरेचदा माणूसच ठरवतो. आयसीच्या वीजपुरवठ्याला जोडलेला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आकृतीत कोपऱ्यात इतर कपॅसिटरांच्या ओळीत काढलेला असतो. आकृतीच्या दृष्टीने त्यात काहीच चूक नाही. पाटीवर मात्र तो आयसीच्या पायांना अगदी लागून हवा. आयसीला क्षणात विद्युतधारा लागते आणि लांब वाट विद्युतचुंबकीय प्रवर्तनामुळे अशा अचानक बदलाला विरोध करते. चार इंच दूर बसवलेला कपॅसिटर जोडलेला असतो खरा, पण वेळेवर पोहोचत नाही.