फलंदाजीचा क्रम, नवोदिताचा (बेसबॉल)

बेसबॉलमध्ये नऊ फलंदाजांचा क्रम सामन्याआधीच पंचाकडे लेखी द्यावा लागतो. क्रिकेटसारखा तो ऐनवेळी वर-खाली करता येत नाही. नववा झाला की पुन्हा पहिला. अमेरिकेतील मेजर लीगच्या १६२ सामन्यांच्या हंगामात एक पायरी खाली सरकले, की फलंदाजाच्या साधारण १५ ते २० संधी जातात.

नवोदिताला सातव्या-आठव्या जागी ठेवण्याची जुनी रीत आहे. तिथे दडपण कमी, असे सांगतात. हे अर्धेच खरे. मेजर लीगच्या दोन विभागांपैकी नॅशनल लीगमध्ये २०२२ पूर्वी बहुधा गोलंदाजच नववा येई. त्याला सहज बाद करता येत असल्याने आठव्याला खेळण्याजोगा चेंडू क्वचितच मिळे. शिकाऊ पोराची ती परीक्षाच.

उलट उदाहरण माइक ट्राउटचे. २०१२ मध्ये एंजल्स संघाने विशीतल्या या खेळाडूला बहुतेक सामन्यांत सलामीला पाठवले. वारंवार बेसवर पोहोचणे आणि वेगाने धावणे, हे दोन्ही गुण त्याच्याकडे होते. त्याने १२९ धावा केल्या, ४९ बेस चोरले, शिवाय ३० होम रनही मारले. हा जोर पाहून पुढे त्याला दुसऱ्या, मग तिसऱ्या जागी आणले गेले. २०१२ चा अमेरिकन लीगचा, म्हणजे दुसऱ्या विभागाचा, सर्वोत्तम नवोदित तोच ठरला, तोही एकमताने.